ऑप्शनला टाकलेलं पान

बिरवाडीत आमच्या चाळीत कुणाला ताप आला, अंग ठणकलं, दाढ सुजली, तर माणसं दवाखान्याच्या आधी आमच्या दारात यायची. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि आईला हाक मारून विचारायची, "वहिनी, पिवळी हाय काय?" आमच्या फळीवर बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, त्यात कंपनीच्या गोळ्या असायच्या. बाबा औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यात होते. मशीनमधून निघालेल्या गोळ्यांतली कडा तुटलेली, डाग पडलेली, एका बाजूने चेपलेली गोळी वेचून बाजूला काढायची, हे त्यांचं काम. त्या वेचलेल्या मालातला मूठभर माल जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी यायचा. याला चोरी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नसे. शेजाऱ्याच्या मळ्यातून जाता जाता चार वालाच्या शेंगा तोडाव्यात, तितकंच ते साधं वाटायचं. मोठी पांढरी तापाची, पिवळी दुखण्याची, गुलाबी पोटाची आणि एक अगदी बारीक पांढरी, ती हाडांची. गोळ्यांना रंग होते, नावं नव्हती. नावं फक्त बाबांना ठाऊक, कारण ती कारखान्यातल्या पिंपावर छापलेली असायची. या सगळ्याचा मला आज इतक्या वर्षांनीही राग येतो, आणि तो आवरून शहाण्यासारखं लिहिण्याचा प्रयत्न मी इथे करणार नाही.

आम्ही मूळचे पोलादपूरकडच्या डोंगरातल्या गावचे. थोडी भातशेती, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि पाऊस संपला की बसून राहणं. बाबांना वसाहतीत काम लागलं तेव्हा आम्ही खाली बिरवाडीला दोन खोल्या भाड्याने घेऊन आलो. माझा मोठा भाऊ तोवर मुंबईला गेला होता, म्हणून घरात तिघंच. दिवस भोंग्यावर चालायचा. पहिला भोंगा झाला की चाळीतले स्टोव्ह भराभर पेटायचे, पंप मारल्याचे आवाज एकामागून एक भिंतीतून ऐकू यायचे, मग रस्त्यावर पाळीची बस येऊन थांबायची आणि तिचा ड्रायव्हर उगीचच दोनदा हॉर्न वाजवायचा. आईच्या हातची तांदळाची भाकरी चाळीत नावाजलेली होती. उकड काढून, परातीत तळहाताच्या मागच्या भागाने मळून ती इतकी पातळ थापायची की तव्यावर टाकली की टम्म फुगायची. बरोबर कुळथाचं पिठलं, नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी. सणाला वालाचं बिरडं. वाल सोलायला मात्र मला बसवायची, कारण ते काम तिच्या बोटांना जमेनासं झालं होतं.

बोटांचं दुखणं आधी सकाळी यायचं आणि ऊन वर आलं की जायचं. मग ते दुपारपर्यंत राहू लागलं. दोन्ही हातांचे सांधे सुजून लाल व्हायचे, मनगटं वळायची नाहीत. मी बारावीत असताना तिची वेणी मी घालायचे. ब्लाउजची बटणं लावता येत नसत म्हणून ती पहाटे माझ्या अंथरुणापाशी येऊन मुकाट उभी राहायची, आणि मी अर्धवट झोपेत बटणं लावून परत आडवी व्हायचे. तिच्या तोंडून कधी कण्हणं ऐकलं नाही. पण एकदा तिच्या हातून उकडीची परात निसटली, सगळं पीठ जमिनीवर पडलं, आणि ती त्या पिठाकडे बघत नुसती बसून राहिली. बाबा पाळीवरून आले तेव्हाही ती तशीच बसलेली होती. दुसऱ्याच दिवशी बाबा बारीक गोळी घेऊन आले. कंपनीतल्या कुणाच्या तरी सासूला त्या गोळीने गुण आला होता म्हणे. पिंपावरचं नाव ते मोठ्या ऐटीत सांगायचे, "पेडनीसोलन हाय ते. भारीतलं हाय. बाजारात मिळायचं नाय असं." बाजारात मिळत होतं, महाडच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत होतं. पण चिठ्ठीवर मिळत होतं आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने आधी आईचा हात हातात घेऊन पाहिला असता, ही गोष्ट बाबांच्या हिशेबात नव्हती.

चौथ्या दिवशी आईने स्वतःची वेणी स्वतः घातली. आठवड्याभरात भाकऱ्या पुन्हा फुगू लागल्या. आमच्या घरात देवच आल्यासारखं झालं, आणि बाबा त्या देवाचे पुजारी. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. तीन वर्षं. आईचा चेहरा भरला, गोल झाला, गाल वर आले. आमच्या शेजारच्या शेवंताकाकू तिला म्हणायच्या की वहिनींना बिरवाडीचं पाणी चांगलं मानवलं. गणपतीला गावी गेलो की बायका आईच्या गालाला हात लावून बोटं मोडायच्या आणि बाबांना कोपऱ्यात घेऊन आपापल्या म्हाताऱ्यांसाठी गोळ्या मागायच्या. बाबा खिशातून कागदाच्या पुड्या काढून वाटायचे. दंडावर बांगडी घासली तरी निळा डाग पडायचा, तो आई पदराखाली झाकायची. तिला सारखी भूक लागायची, त्याची ती लाजायची. एकदा मी तिला सगळे जेवल्यावर पातेल्यातला भात उभ्यानेच खाताना पाहिलं, आणि मी हसले. मला ते हसू अजून विसरता येत नाही.

मी महाडला कॉलेजात विज्ञान शाखेत होते. शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राबरोबर औषधशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक पेपर होता. त्या पेपरच्या मी प्रेमात पडले, दुसरा शब्द नाही त्याला. गोळी पोटात विरघळते, यकृतातून जाते, रक्तात उतरते, आणि शरीरातल्या कोट्यवधी पेशींपैकी ज्यांच्यावर तिला बसायला जागा असते तिथेच जाऊन बसते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला ते सांगत बसले होते. अमुक तासांत औषध अर्धं उरतं, पुढच्या तेवढ्याच तासांत त्याच्या अर्धं, असं करत ते संपत जातं, म्हणून काही गोळ्या दिवसातून तीनदा आणि काही एकदाच. ज्या डब्याशेजारी मी लहानाची मोठी झाले त्या डब्यामागे एवढी अक्कल आहे, याचा मला अचंबा वाटला. आमचे सर चांगले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं इथेच आहेत. पण त्यांची शिकवायची रीत सगळ्या कॉलेजांत तेव्हा होती तीच. पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगायच्या, आम्ही उतरवायच्या. एखादा परिच्छेद आला की ते डोळे न उचलता म्हणत, "हे आयएमपी आहे, खाली रेघ मारा." आणि दुसरा आला की म्हणत, "हे ऑप्शनला टाका." ऑप्शनला टाकलं म्हणजे ते वाचायचं नाही, त्यावर प्रश्न आला तर तो सोडून दुसरा सोडवायचा. आम्ही पोरं या बाबतीत फार कसबी होतो. अर्धं पुस्तक ऑप्शनला टाकून पहिल्या वर्गात पास होणारी मुलं आमच्यात होती, आणि त्यांचा सगळ्यांना हेवा वाटायचा.

मी पुढे आयुष्यभर विज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने घरी येणारी माझी भाची परवा बॅग टाकताच मोबाइल पुढे करून म्हणाली, "आत्या, या प्रकरणातलं आयएमपी तेवढं सांग." मी तिच्यावर इतकी ओरडले की ती पाणीही न पिता आतल्या खोलीत निघून गेली. तिला वाटलं असेल म्हातारी बिघडली. मी तिची माफी मागितली नाही, अजून मागायची इच्छाही नाही.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर स्टेरॉइड असा मथळा लिहिला आणि उदाहरणादाखल जी नावं सांगितली त्यात दुसरंच नाव प्रेडनिसोलोन होतं. मला आधी हसू आलं. बाबा म्हणतात ते पेडनीसोलन ते हेच. मग सर दुष्परिणाम सांगू लागले. चेहरा गोल होतो. भूक वाढते. कातडी पातळ होते, जरा लागलं तरी रक्त साकळून निळे डाग पडतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतूंशी लढायची ताकद कमी होते. मी लिहीत होते आणि प्रत्येक ओळीला मला आई दिसत होती. "हे सगळं आयएमपी," सर म्हणाले. "पुढचा परिच्छेद औषध बंद करण्याविषयी आहे. तो ऑप्शनला टाका. कधी विचारत नाहीत." त्या तासानंतर मी लायब्ररीत गेले. आमच्या कॉलेजात त्या विषयाचं एकच जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते तिथेच बसून वाचावं लागे. मी दुष्परिणामांचं पान शब्दकोशाच्या मदतीने अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. आणि पुढचा परिच्छेद आला तेव्हा, परत परत वेळ जाऊ नये म्हणून, त्यावर पेन्सिलने तिरकी रेघ मारली. कॉलेजच्या पुस्तकावर. तिथे पोहोचले होते आणि रेघ मारून परत फिरले.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. मी फळीवरून डबा काढला, बारीक पांढऱ्या गोळ्या वेगळ्या केल्या नाहीत, सगळाच्या सगळा डबा उचलला आणि चाळीमागच्या संडासात रिकामा करून वरून दोन बादल्या पाणी ओतलं. आईने दारातून विचारलं, काय करतेस गो. मी म्हटलं, विष फेकते. ती परत तव्याकडे वळली. बाबा आल्यावर मी वही उघडून त्यांना ते पान वाचून दाखवलं, आईचा पदर ओढून तिचे दंड दाखवले, तिला माझ्यासमोर उभं करून तिचा चेहरा दाखवला. बाजारात जनावर दाखवतात तसा. बाबा म्हणाले की तिला गुण आला ते दिसत नाय काय तुला. मी म्हटलं, तुम्हाला दिसतं काय, तुम्हाला तर पिंपावरचं नावही धड वाचता येत नाही. ते फार लागलं त्यांना. ते म्हणाले, उद्या परत आणतो, बघू कोण अडवतं. तेव्हा मी सांगितलं की पुन्हा एक जरी गोळी या घरात आली तर मी कंपनीच्या गेटवर जाऊन तुमच्या साहेबाला भेटेन आणि डब्यातून काय येतं ते सांगेन.  मी खरंच जाईन हे त्यांना कळलं, कारण हा तापट स्वभाव मी त्यांचाच घेतला होता. गोळी आली नाही.

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते सांगते, म्हणजे माझ्या शहाणपणाची उंची कळेल. दुसऱ्या दिवशी आईची बोटं सुजली. मला ते अपेक्षित होतं, मी शेकायला गरम पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी तिला मळमळू लागलं, जेवण गेलं. मला आनंद झाला, कारण खा-खा कमी झाली म्हणजे औषधाचा अंमल उतरतोय. चौथ्या दिवशी ती म्हणाली की अंगात जीव नाय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. मी वही काढून पाहिली, त्यात असं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते खरं नसणार असं मी ठरवलं. पाचव्या दिवशी तिला ताप होता आणि ती उलट्या करत होती. शेवंताकाकू येऊन म्हणाल्या, निमे, डॉक्टराला दाखवा गो. मी त्यांना सांगितलं की दारुड्याची दारू सुटताना होतं तसं होतंय, दोन दिवसांत उतरेल. आणि आईला म्हटलं, "सवय लागलीय तुला, म्हणून अंग नाटकं करतंय." हे मी म्हटलं. आई उठून स्टोव्हला पंप मारू लागली, मला डबा द्यायचा होता ना. बाबा त्या सहा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि आईशीही नाहीत. दोघांच्या भांडणात ती बाई आतल्या खोलीत विझत चालली होती आणि आम्ही दोघं आपापल्या बाजूने बरोबर होतो.

सहाव्या दिवशी सकाळी ती परातीपुढेच कलंडली. उकडीत हात तसाच. अंग गार, घामाने भिजलेलं, नाडी लागता लागत नव्हती. बाबांनी तिला उचललं, कुणाचा तरी टेम्पो थांबवला आणि आम्ही महाडला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोहोचलो. त्या वयाने आईएवढ्याच होत्या, बारीक, चष्मेवाल्या. त्यांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजला. मग सलाइन लावायला सांगून बाबांना विचारलं, यांना आधी काय आजार होता, कुठली औषधं चालू आहेत. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "काय नाय बाई. औषध नाय काय चालू. सांध्याला पाला बांधते कधी कधी."

मला वाटतं मी आयुष्यात कुणाचाही इतका तिरस्कार केला नसेल जितका त्या क्षणी बाबांचा केला. बायको समोर गार पडलेली आणि या माणसाला गेटवरच्या झडतीची भीती. आता मी त्यांच्या वयाच्याही पुढे आले आहे, नोकरी गेलेली घरं जवळून पाहिली आहेत, त्या भीतीचा आकार मला आता कळतो. कळतो, पण माफ करायला तेवढं पुरत नाही.

"प्रेडनिसोलोन," मी म्हटलं. "रोज तीन. तीन वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. "आणि आता?"

"सहा दिवसांपूर्वी बंद केली."

"हळूहळू?"

"नाही. एकदम. मी बंद केली."

त्यांनी एक शब्द बोलायच्या आधी नर्सकडून इंजेक्शन मागवलं आणि स्वतः दिलं. ज्या औषधाला मी विष म्हणून संडासात ओतलं होतं, त्याच जातीचं औषध होतं ते. तासाभराने आईच्या ओठांवर रंग आला, तेव्हा त्या मला बाहेर घेऊन आल्या आणि त्यांनी समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. हे द्रव्य शरीर रोज तिथे स्वतः बनवतं, त्याच्यावर रक्तदाब टिकतो, ताप आला, मार लागला तर माणूस तगतो. बाहेरून रोज आयतं येऊ लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वर्षानुवर्षं थांबलेलं काम एका दिवसात सुरू होत नाही. म्हणून ही गोळी कधीही एकदम बंद करायची नसते, महिनोन् महिने थोडी थोडी उतरवायची असते. मग त्यांनी विचारलं की मी काय शिकते. मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "म्हणजे हे औषध तुला माहीत होतं. मग हे नाही शिकवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "ऑप्शनला टाकलं होतं."

चष्मा काढून पुसत त्या आत निघून गेल्या. गोळ्या कुठून आल्या ते त्यांनी कधी विचारलं नाही. महाडात दवाखाना चालवणाऱ्या बाईला ते विचारायची गरज नसावी.

आईला चार दिवसांनी घरी आणलं. बरोबर एका कागदावर लिहून दिलेलं होतं, आधी इतके आठवडे तीन, मग अडीच, मग दोन, असं करत पुढच्या पावसाळ्यापर्यंत. गोळ्या आता दुकानातून आल्या, पट्टीवर नाव छापलेल्या. बाबांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर ठेवली.  सोमवारी मी लायब्ररीत जाऊन ते पुस्तक मागवलं. माझी तिरकी रेघ तिथेच होती आणि तिच्याखाली सगळं लिहिलेलं होतं. मळमळ, उलट्या, अशक्तपणा, ताप, रक्तदाब उतरणं, मृत्यू. बारा-तेरा ओळी होत्या. वाचायला मला पाच मिनिटं लागली असती. ग्रंथपालांना विनवून मी ते पुस्तक त्या पानावर उघडंच घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि सरांना घडलेलं सांगितलं. सर हादरले. आईची चौकशी केली, कुठल्या दवाखान्यात, आता कशी आहे, पैशांची अडचण नाही ना. मी म्हटलं, सर, हा परिच्छेद उद्या वर्गात शिकवा. माझ्या वर्गात वसाहतीत काम करणाऱ्यांची निम्मी मुलं आहेत, प्रत्येकाच्या घरी असा डबा आहे. सर कळवळून म्हणाले, "अगं, पटतंय मला. पण पोर्शन राहिलाय केवढा." ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. भला माणूस होता तो, आणि त्याने तो परिच्छेद त्या वर्षी शिकवला नाही, पुढच्याही वर्षी नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात तो मी शिकवला, आणि मुलांनी विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

इकडे घरी, दवाखान्यातून आल्यावर काही महिन्यांत आई दोन गोळ्यांवर आली होती. गाल उतरू लागले होते आणि बोटं पुन्हा सुजू लागली होती. एका दुपारी बाबा पाळीवर गेलेले, ती दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. खडे दिसत होते, पण चिमटीत येत नव्हते. मी तिच्याजवळ बसले आणि लायब्ररीतून उतरवून आणलेलं ते पान तिला तिच्या भाषेत वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. माझी चूक कुठे झाली ते सांगितलं. मला वाटत होतं की ती माझ्या पाठीवरून हात फिरवेल, जाऊ दे म्हणेल. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती.

तिने सूप खाली ठेवलं. "तुझ्या बाबांनी गोळी दिली तेवा सांगितलं नाय कसली हाय," ती म्हणाली. "तू फेकलीस तेवा इचारलं नाय फेकू काय. त्यांना कंपनीचा माज, तुला कॉलेजचा. अंग कुणाचं हाय ते दोघांनी नाय बघितलं. तीन वरसं माझी बोटं माझी होती निमे. माझी वेणी मी घातली. ती फेकून दिलीस तू."

मी रडू लागले. तिने मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही.  मग तिने विचारलं की ह्या बोटांवर दुसरं औषध काय लिहिलंय तुझ्या पुस्तकात. मी पुन्हा लायब्ररीत गेले. दोन दिवस शोधलं. आईच्या दुखण्याचं नाव सापडलं, लक्षणं एकेक जुळली, आणि उपचारांची यादीही सापडली. विश्रांती, शेक, दोन-तीन वेदनाशामकं, आणि जिथे यांनी भागत नाही तिथे, कमीत कमी मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली, प्रेडनिसोलोन.

घरी येऊन मी आईला ते खरं खरं सांगितलं. हेच औषध आहे म्हटलं, आई. हीच गोळी, पण कमी, आणि मोजून.

आईने हात पुढे केला, सुजलेली बोटं माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"मग किती ते नीट शिकून ये," ती म्हणाली. "अर्धवट शिकून परत माझ्या अंगाला हात लावू नको."